बॉनेटवरची पांढरी कडी आणि आरओचं पाणी

रामनवमीला, ६ एप्रिल २०२५ ला, जन्माचं कीर्तन आटोपून मी मंदिराबाहेर आले. हातात सुंठवड्याचा द्रोण, डोक्यावर बाराचं ऊन. गाडीचं दार उघडायला गेले आणि बॉनेटकडे लक्ष गेलं. काळ्या रंगावर वाटाण्याएवढी पांढरी कडी उमटली होती, एक-दोन नव्हे, शेकडो. ओल्या रुमालानं पुसलं तर गायब. मिनिटभरात वाळलं आणि सगळी पुन्हा जिथल्या तिथे.

तिथून १८ मेपर्यंत, सहा आठवडे, मी या कड्यांच्या मागे होते. या काळात जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचले असते. म्हणून बिलं आणि डायरी समोर ठेवून लिहिते आहे.

आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. मी, नवरा, मुलगी आणि सासरे. गाडी जानेवारी २०२४ ची. घेतली त्याच महिन्यात, २७ तारखेला, तिच्यावर सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. २२,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण २५,९६०. वॉरंटी तीन वर्षांची. काम झाल्यावर दुकानदारानं बॉनेटवर मगभर पाणी ओतून दाखवलं होतं. पाण्याचे मोती झाले आणि घरंगळत गेले. अळवावरचं पाणीच जणू. माझी तेव्हा समजूत झाली की आता तीन वर्षं रंगाची काळजी नाही.

खरं तर डागांचं मूळ त्या मोत्यांतच आहे. कोटिंग म्हणजे सिलिकाचा, म्हणजे वाळू-काचेतल्या द्रव्याचा, फार तर एक-दोन मायक्रॉनचा थर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्याचं काम पाण्याला पसरू न देणं. दारांवरून थेंब ओघळून जातात. पण बॉनेट, टप आणि डिकीचं झाकण आडवं असतं, तिथे ते बसून राहतात. साध्या रंगावर पाणी पसरतं, त्यातले क्षारही पातळ पसरतात. कोटिंगवर प्रत्येक थेंब एकाच जागी आटतो आणि आपल्यातला सगळा क्षार तिथेच ठेवून जातो. आटताना तो क्षार थेंबाच्या कडेला ओढला जातो, म्हणून मधला भाग मोकळा आणि भोवती पांढरी रेघ. ओट्यावर चहाचा थेंब वाळला की कडेनं गडद रेघ राहते, तसंच. म्हणजे कोटिंग चांगलं असेल तर डाग कमी पडतील असं नाही, उलट ते जास्त ठळक पडतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

८ एप्रिलला मी कोटिंगवाल्या दुकानाला ईमेल पाठवली. सोबत बिल, वॉरंटी कार्डाच्या दोन्ही बाजू आणि फोटो. फोटो काढतानाच दोन तास गेले, कारण भर उन्हात समोरून काढले तर डाग दिसतच नाहीत, सगळं चकाकतं. सकाळी आठच्या सुमारास, ऊन तिरपं असताना, गाडीच्या बाजूला उभं राहून काढले तेव्हा कडी स्पष्ट आली. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, आकार कळतो.

उत्तर नऊ दिवसांनी, १७ तारखेला आलं: गाडी घेऊन या. १९ ला, शनिवारी, मी गेले. चाळीस मिनिटं बसवून ठेवल्यावर तिथल्या माणसानं टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हार्ड वॉटर है, ये वॉरंटी में नहीं आता." मी कार्ड पुढे केलं. त्यानं ते उलटं करून बारीक अक्षरातली ओळ दाखवली. कडक पाण्याचे डाग, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक यांनी झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. खाली आणखी एक ओळ होती: दर बारा महिन्यांनी तपासणी करून शिक्का घ्यायचा, जास्तीत जास्त तीस दिवस पुढे-मागे. आमची तारीख फेब्रुवारीअखेर उलटून गेली होती. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. पैसे घेताना 'ग्लास जैसी गाडी' म्हणणाऱ्या माणसानं ही ओळ तोंडानं का सांगितली नाही, हा राग आजही आहे. पण ती ओळ कार्डावर होती, हेही खरं. तुमच्याकडे असं कार्ड असेल तर आज काढून मागची बाजू वाचा आणि शिक्क्याची तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा.

'९ एच' हा शब्दही मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजून घेतला. कोटिंग विकताना तो फार वापरतात. तो पेन्सिलच्या कठीणपणाचा मोजमाप आहे: ९ एच पेन्सिलनं ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. क्षार, आम्ल, ऊन यांच्याशी त्याचा काही संबंध नाही.

२२ एप्रिलला मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. माझी तक्रार कोटिंगबद्दल नव्हती, अटी आधी न सांगितल्याबद्दल होती, आणि तसंच मी नोंदवलं. दुकानाचं पूर्ण नाव-पत्ता, बिल नंबर, तारीख, रक्कम आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे, एवढं हाताशी ठेवा. शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा मी अडखळले. त्याचं उत्तर आधी ठरवून फोन करा. एसएमएसनं तक्रारीचा क्रमांक आला. ही हेल्पलाइन न्यायालय नव्हे, ती तक्रार दुकानाकडे पाठवते आणि उत्तर मागते. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. मला तिथवर जावं लागलं नाही.

दरम्यान २४ एप्रिलला घरी आरओचा मेकॅनिक फिल्टर बदलायला आला. त्याच्या खिशात पेनासारखं टीडीएस मीटर होतं, पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे किती मिलिग्रॅम ते दाखवणारं. मी त्याला म्हटलं, भैया, जरा आमची सगळी पाणी मोजून दाखवा. आम्ही ओट्यावर वाट्या मांडल्या. नळाला येणारं नर्मदेचं पाणी २१०. बोरिंगचं ८२०. टाकीतलं, म्हणजे दोन्ही मिसळलेलं, ६४०. आरओचं प्यायचं ४८. आणि आरओच्या नळीतून मोरीकडे सोडलेलं पाणी ९३०.

आमच्याकडे ते पाणी मोरीत जात नव्हतं. ते बाबा साठवत होते.

बाबा म्हणजे माझे सासरे, वय ७३, विद्युत मंडळातून निवृत्त. नर्मदा १९७८ मध्ये इंदूरला आली ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, डोंगर चढवून पंपानं आणलेलं पाणी, ते गाडीवर ओतायचं त्यांच्या जिवावर येतं. आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते. उन्हाळ्यात बोरिंगही धापा टाकतं. म्हणून त्यांनी आरओच्या नळीखाली वीस लिटरची बादली ठेवली होती. रोज सकाळी साडेसहाला त्याच पाण्यानं ते गाडी धूत, मऊ फडक्यानं, हळूहळू, टपापासून सुरुवात करून खालपर्यंत. एक थेंब नर्मदेचा न घालवता गाडी चकाचक, याचं त्यांना समाधान होतं आणि आम्हाला कौतुक. धुऊन झाल्यावर ते गाडी उन्हात वाळू देत.

लिटरमागे ९३० मिलिग्रॅम. धुतल्यावर गाडीवर अर्धा लिटर पाणी थेंबाथेंबानं राहिलं असं धरलं तरी जवळपास अर्धा ग्रॅम क्षार, रोज. हा हिशेब बाबांनीच पेन्सिलनं वर्तमानपत्राच्या कडेला केला. मग चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे हे मीच केलं गं."

"बाबा, कोटिंगवाल्यानं सांगितलं नव्हतं, मला माहीत नव्हतं. तुम्ही पाणी वाचवत होतात," मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी ते जेवले कमी. मला ते फार लागलं.

आरओ करतो काय, तर आत आलेल्या पाण्यातले क्षार पडद्याच्या एका बाजूला अडवतो. पलीकडे गोड पाणी, अलीकडे उरलेल्या पाण्यात तेच क्षार दाट होऊन बसतात. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला, अंगण धुवायला उत्तम. गाडीला, काचेला, नळाच्या तोट्यांना नको. आपल्याकडे घरोघर आरओ आहेत आणि हे पाणी वाया घालवू नका असं सगळेच सांगतात, पण ते कुठे वापरू नये हे सांगणारं मला कुणी भेटलं नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. पिण्याला चालणारं पाणी गाडीवर वाळायला चालतंच असं नाही.

माळव्याच्या काळ्या बेसाल्ट खडकातून येणाऱ्या बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर सिलिकाही असते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

दुकानाच्या उत्तराची वाट पाहताना ४ मे, रविवारी, मी स्वतः हात घातला. त्याआधी सल्ले भरपूर आले होते. कॉलनीच्या चौकीदारानं संडास धुवायचं ॲसिड सुचवलं, शेजारच्या काकूंनी टूथपेस्ट. दोन्ही करू नका. ते ॲसिड क्रोमच्या पट्ट्या आणि रबर खातं, आणि टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, तिनं काळ्या रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी उठते.

मी हे केलं. सकाळी सहाला, पत्रा थंड असताना, गाडी आधी न्यूट्रल शाम्पूनं धुतली, म्हणजे धुळीचा कण राहणार नाही. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून फिरवली. पिशवीतून खरखर फार स्पष्ट कळते, उघड्या बोटांना ती जाणवत नाही. मग स्वयंपाकातलं पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या दुकानात मिळतं, पाच लिटरचा कॅन मला १२० ला पडला. मिश्रण मायक्रोफायबरच्या फडक्यावर घेऊन ते फडकं एका कोपऱ्यातल्या चार-पाच कड्यांवर नुसतं ठेवलं. घासलं नाही. एक मिनिट.

बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, पंचांग वाचायचं भिंग घेऊन. फडकं उचललं आणि एका कड्यावर अजून ओल होती तिथे ते वाकून पाहत होते. "अगं, बघ बघ," म्हणाले. मी भिंगातून पाहिलं. पांढऱ्या रेघेवर मोहरीहून बारीक बुडबुडे येत होते. रेघ एका बाजूनं तुटली, मग तुटलेली टोकं एकमेकांपासून लांब सरकत गेली, आणि शेवटी वरच्या अंगाला चंद्रकोरीसारखा तुकडा राहिला. तोही विरला. व्हिनेगर चुन्याच्या क्षाराला विरघळवतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तेच ते बुडबुडे. लगेच डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन कोरडं केलं. आम्ही दोघं त्या चार इंचाच्या स्वच्छ काळ्या जागेकडे बराच वेळ पाहत होतो.

एका वेळी हातभर जागाच घ्या. मिश्रण गाडीवर वाळू देऊ नका. आणि नऊ वाजता थांबा, आम्ही थांबलो. मे महिन्यात इंदूरला त्यानंतर काळा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो. बॉनेट आणि डिकी दोन सकाळींत झाली. दहातली सहा-सात कडी गेली असतील. टप मात्र दाद देईना. दोनदा करून गेलं नाही तर तिसऱ्यांदा तेच करत बसू नये, असं माझं मत झालं. १० मेला गाडीसाठीचं वॉटर स्पॉट रिमूव्हर आणलं, ६५० रुपये. त्यानं आणखी थोडी गेली. व्हिनेगर चुन्यावर चालतं, सिलिकावर नाही, म्हणून आपल्या बोरिंगच्या डागांना नुसतं व्हिनेगर पुरत नाही.

जी उरली त्यांत आता पांढरं काही नव्हतं. नुसती सावली होती, आणि नखाचं टोक हलकेच फिरवलं की अडकत होतं. म्हणजे क्षार निघाले होते, पण उन्हात महिनोन्महिने तापून त्यांनी कोटिंगला आणि खालच्या रंगाला खड्डा पाडला होता. खड्ड्यावर कुठलंच औषध नाही. आजूबाजूचा थर घासून सपाट करायचा, एवढाच उपाय, आणि घासलं की तिथलं कोटिंगही जातं.

५ मेला हेल्पलाइनमार्फत दुकानाचं उत्तर आलं होतं: मोफत तपासणी आणि मजुरीत २५ टक्के सूट. टप, बॉनेट, डिकी पॉलिश करून पुन्हा कोटिंग, १४,००० चे १०,५००, वर जीएसटी, म्हणजे १२,३९०. मी दुसरीकडेही विचारलं. एका लहान दुकानातल्या मुलानं आधी मीटर लावून रंगाची जाडी मोजली, बॉनेट ११८ मायक्रॉन, टप ११२, आणि आकडे मला कागदावर लिहून दिले. मग टपाच्या एका कोपऱ्यात वीतभर जागा पॉलिश करून दाखवली, म्हणाला, "भिया को भी दिखा दो, फिर हाँ बोलना." त्याचे ८,५०० अधिक जीएसटी १,५३०, एकूण १०,०३०. मी काम त्याला दिलं. पैशापेक्षा त्या मोजमापामुळे. या सगळ्या जाडीत वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो, आणि दर पॉलिशला त्यातलाच थोडा जातो. जो न मोजता मशीन लावतो त्याच्या हाती गाडी देऊ नका.

१७ मेला, शनिवारी, सकाळी दहाला गाडी दिली. धुणं, लोखंडाचे कण काढणारं रसायन, क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी, मग मऊ फोमच्या पॅडनं बारीक पॉलिश. दुपारी मी जाऊन बसले तेव्हा तो टपावर काम करत होता. टपाच्या कडेला, रबराच्या पट्टीजवळ, दोन कडी होती. तिथे त्यानं मशीन नेलंच नाही. कडेला रंग पातळ असतो, तिथे घासलं तर खालचा पत्रा दिसेल, म्हणाला. ती दोन राहू दिली. हे त्यानं आपणहून सांगितलं याचं मला बरं वाटलं. मग अल्कोहोलनं पुसून नवीन कोटिंग, दिव्याखाली शेकणं, आणि रात्रभर गाडी तिथेच. १८ ला संध्याकाळी ताब्यात मिळाली. दोन दिवस पाणी नाही, आठवडाभर शाम्पू नाही. चिमण्यांची विष्ठा पडली तर ओल्या मऊ कापडानं तेवढीच टिपायची. अटी मी या वेळी पैसे देण्याआधी वाचल्या आणि वार्षिक तपासणीची तारीख बिलावर लिहून घेतली.

एकूण खर्च ११,७९०. त्यात कामाचे १०,०३०, टीडीएस मीटर २५०, डिस्टिल्डचे दोन कॅन २४०, व्हिनेगर ६०, रिमूव्हर ६५० आणि पाणी शोषणारे मोठे टॉवेल दोन, ५६०. यांतले टॉवेल मी सगळ्यात आधी घ्यायला हवे होते. पाणी कसंही असो, गाडीवर वाळलं नाही तर कडं पडत नाही. टॉवेल घासायचा नाही. पसरून ठेवायचा, वरून हात फिरवायचा आणि उचलायचा. आरसे, दारांच्या मुठी आणि नंबरप्लेटमागे पाणी दडून राहतं आणि दहा मिनिटांनी ओघळतं, तिथे शेवटी एकदा परत टिपा.

आता गाडी रोज धुतली जात नाही, आठवड्यातून एकदा. सावलीत, आणि नर्मदेच्या पाण्यानं, दोन बादल्या. शेवटचा मग डिस्टिल्डचा किंवा एसीच्या नळीतून पडणाऱ्या पाण्याचा. ते पाणी मीटरवर वीसच्या आत भरलं. मेच्या कोरड्या हवेत त्याचा तांब्याही भरत नव्हता, जुलैत रात्रीत बादली भरू लागली. पावसाचं पाणी तसं मऊ, पण ते गाडीवरच्या धुळीत मिसळून वाळलं की डाग पडतातच, म्हणून पाऊस थांबून ऊन पडलं की टॉवेल घेऊन खाली जायचं.

आरओच्या बादलीचं पाणी बाबांनी अंगणाकडे आणि संडासाकडे वळवलं आहे. टीडीएस मीटर त्यांच्या खिशात असतं. नर्मदा आली की पहिली वाटी ते मोजतात आणि आकडा डायरीत लिहितात, तारखेसह. रविवारी सकाळी जिन्याखालून हाक येते, "अगं, नर्मदा आली, दोनशे आहे. टॉवेल घेऊन ये."